नऊ पॉइंट्सचं गाव

"मॅडम, नऊच्या नऊ पॉइंट्स झाले. आता काय?"

निखिल देशमुख मनगटावरचं घड्याळ दाखवत विचारत होते. दुपारचं जेवणसुद्धा अजून व्हायचं होतं. आणि हे नऊ पॉइंट्स दोन दिवस पुरतील अशा बेताने मी लावले होते.

मी तेव्हा एका छोट्या जपानी ट्रॅव्हल एजन्सीत बाइतो करत होते. बाइतो म्हणजे पार्टटाइम नोकरी. नवरा आयटीत, घर तोक्योला लागून असलेल्या उरायासुला. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकोला ठरावीक तासच काम करता यायचं. त्या वर्षांत पुण्या-मुंबईचे इंजिनिअर तोक्योच्या एदोगावा भागात भराभर येत होते. फुजी, क्योतो, हिरोशिमा उरकलं की प्रत्येक लाँग वीकेंडला त्यांचा एकच प्रश्न असायचा, 'आता कुठे?' म्हणून माझे बॉस इशिदासान यांनी 'इंडिया डेस्क' काढलं. डेस्क म्हणजे एक टेबल, एक फोन आणि मी. त्या सीझनपुरती ट्रायल होती. चाललं तर पुढे, नाहीतर मी परत घरी.

निखिलच्या ग्रुपसाठी मी सुचवलेलं गाव तोक्योच्या आखाताच्या तोंडाशी होतं, चिबाच्या दक्षिण टोकाकडे. कोळ्यांचं गाव. गाइडबुकात त्याला दोन ओळी मिळाल्या होत्या, त्यातली एक बस कुठून मिळते याची. तिथे हारासान नावाच्या बाई आणि त्यांचे यजमान घरातल्याच खोल्यांमधून लॉज चालवायचे. त्या किनाऱ्यावरच्या इतर लॉजवाल्यांनी परदेशी ग्रुपला नम्रपणे नकार दिला होता. हारासान 'हो' म्हणाल्या, कारण इशिदासाननी स्वतः शब्द टाकला होता.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" निखिलनी फोनवर विचारलं होतं.

"समुद्र आहे. शांतता आहे."

"ते बरोबर आहे मॅडम, पण पॉइंट्स किती?"

मग मी पॉइंट्स काढले. दीपगृह हा एक. दीपगृहावरून दिसणारा देखावा हा दुसरा. बंदर, बंदरामागचं देऊळ, देवळामागचं जुनं झाड, ओहोटीला उघडा पडणारा खडक, असं करत नऊ भरले. इशिदासाननी प्रत्येकाला वेळ ठरवून दिला, त्यांच्या नेहमीच्या जपानी ग्रुपच्या हिशोबाने. जपानी माणूस दीपगृहासमोर उभा राहतो, पाटी पूर्ण वाचतो, बाकावर बसून डबा खातो आणि मग पुन्हा एकदा दीपगृहाकडे बघतो. आमची मंडळी बसमधून उतरली. फॅमिली फोटो, ग्रुप फोटो, बायकांचा वेगळा फोटो, की "चला चला, बसा!" पाटी वाचली ती फक्त ड्रायव्हरने.

"मी म्हणतो, चहा घेऊन निघू या," निखिल म्हणाले. "लॉजचे कॅन्सलेशन चार्जेस आम्ही देऊ, त्याचं टेन्शन घेऊ नका. उद्याचा दिवस तरी वाया जायला नको."

चार्जेसचा प्रश्नच नव्हता. आम्ही काय काय खात नाही हे हारासाननी फॅक्स पाठवून पाठवून मला विचारलं होतं. आदल्या दिवसापासून स्वयंपाक चालला होता. अशा वेळी पाहुणे उठून गेले तर जपानी माणूस भांडत नाही. तो वाकून निरोप देतो आणि पुढच्या वेळी जागा नसते. त्या ग्रुपलाच नाही, कुठल्याच भारतीयाला नसते.

मी इशिदासानना फोन लावला. ग्रुप आजच निघायचं म्हणतोय, ते सांगितलं.

"हारासानना तुम्ही सांगा, साठेसान. सोमवारी मी स्वतः जाऊन माफी मागेन. डेस्कचंही आपण सोमवारी बोलू."

डेस्कचं काय बोलणार ते मला कळलं. मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत मी लॉजच्या मागच्या अंगणात गेले. माझ्या मागोमाग निखिलची आई आली. शालिनीकाकू सांगलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नऊवारीतून पाचवारीवर त्या कधीच आल्या होत्या, पण पाचवारीखाली स्पोर्ट्स शूज मात्र जपानने घालायला लावले होते.

"मला नको बाई अजून पॉइंट," त्या म्हणाल्या. "गुडघे बोलायला लागलेत."

अंगणभर चटया पसरल्या होत्या आणि चटयांवर काळ्या शेवयांसारखं काहीतरी वाळत होतं. हारासान खाली बसून ते हाताने मोकळं करत होत्या.

"हे काय गं?"

"हिजिकी. खडकावर उगवतं, काकू. समुद्रातली भाजीच म्हणा. उकडतात आणि उन्हात वाळवून वर्षभर वापरतात."

काकूंनी वाकून एक काडी उचलली आणि बोटांत चोळून बघितली. "ओलं आहे अजून. एक कडक ऊन पाहिजे."

मी हारासानसमोर जाऊन वाकले. वाक्याची सुरुवात केली आणि माझ्या हातावर थेंब पडला. समुद्राकडून ढग कधी चढून आला ते कुणालाच कळलं नव्हतं. हारासान ओरडल्या. त्या काय ओरडल्या ते काकूंना समजण्याचं कारण नव्हतं, पण काकूंनी पदर खोचला होता.

"अगं, वाळवण! प्राजक्ता! सगळ्यांना बोलाव! धावा गं!"

प्राजक्ता म्हणजे सून. ती धावली, तिच्यामागे बसमधल्या बाकीच्या बायका. कुणाचं वाळवण, कशाचं वाळवण, कुणीही विचारलं नाही. दोघी दोन टोकं धरायच्या, चटईची झोळी करायच्या आणि आत पळायच्या. मग पुरुष आले, पोरं आली. शेजारच्या आजोबांच्या अंगणातही चटया होत्या, त्याही उचलल्या. निखिल चटई घेऊन बुटांसकट ततामीवर, म्हणजे घरातल्या गवती बैठकीवर चढले. जपानी घरात याहून मोठा गुन्हा नाही, पण हारासाननी स्वतः त्यांना "आत, आणखी आत" असा हात केला. मला रडू आलं असतं, पण दोन्ही हातांत चटई होती.

पाऊस चांगलाच लागला. जेवणाच्या हॉलमध्ये चटया पसरल्या आणि पाहुणे भिंतीला टेकून बसले. काकू आणि हारासान समोरासमोर बसून हिजिकी मोकळं करत होत्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी जपानीत. दोघींचं बरं चाललं होतं.

निखिल कपडे पुसत आले. "आई, बस तयार आहे."

"मग ड्रायव्हरला सांग, जेवून झोप म्हणावं."

"अगं, पण इथे बघायला काही राहिलं नाहीये."

"हे उद्या उन्हात कोण घालणार? घरभर पसरून ठेवलंय आपण. असं अर्धवट टाकून जातात का कुणाच्या घरातून?"

ऑफिसात प्रोजेक्ट लीडर असलेल्या निखिलनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ते ड्रायव्हरशी बोलायला गेले.

रात्री जेवणात हिजिकीची भाजी होती, गाजर घातलेली. "मोहरी हवी होती," काकू म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतली. सकाळी ऊन पडलं. सगळ्या ग्रुपने चटया बाहेर काढल्या, शेजारच्या आजोबांच्या त्यांना नेऊन दिल्या. पॉइंट हा शब्द कुणी काढला नाही. निघताना हारासाननी मला विचारलं, "पुढचा ग्रुप कधी?" मी माफीचं वाक्य तसंच परत घेऊन आले.

सोमवारी इशिदासाननी सगळं ऐकून घेतलं. डेस्क राहिलं. ते खूश झाले आणि लगेच कामाला लागले. नवीन प्रोग्रॅममध्ये दहावा पॉइंट छापून आला : 'हिजिकी वाळवण्याचा अनुभव, दुपारी, स्थानिकांसोबत.'

पुढचा ग्रुप सीझन संपायच्या आत गेला. आकाश निरभ्र होतं. चटया व्यवस्थित मांडलेल्या होत्या. मंडळी आली, फॅमिली फोटो झाला, ग्रुप फोटो झाला. "चला चला, बसा!"

हारासान चटईपाशी उभ्याच होत्या. बस भरत आली तशा त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साठेसान, त्या आई नाही आल्या?"

त्या आई तोवर सांगलीला परत गेल्या होत्या. हारासाननी मान हलवली आणि एकट्याच हिजिकी मोकळं करायला बसल्या.

तो दहावा पॉइंट मी दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅममधून काढून टाकला. त्या जागी लिहिलं, 'दुपार मोकळी.' अजूनही कस्टमर विचारतात, मोकळ्या दुपारी तिथे करण्यासारखं काय आहे? मी सांगते, काही नाही. अर्धे जण तिथेच फोन ठेवतात.