दुपट्ट्याखालचा हात

बाबा गेले त्याला सहा आठवडे झाले. शेवटचं ते माझ्याशी बोलले ते बोटांनी, आणि मला काही कळलं नाही. हे कुणाला सांगू... म्हणून लिहिते आहे.

दवनीवाड्याचे माझे बाबा बैलबाजारात दलाल होते. शाळेच्या फॉर्मवर मी त्यांचा धंदा 'शेती' असा लिहायची. दलाल म्हणायची लाज वाटे. बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका आकडा. वर मात्र धानाच्या, लग्नांच्या गप्पा, नाहीतर शेजारच्याला भाव कळायचा. लहानपणी मी एकदा म्हटलं, मलाही शिकवा. तर म्हणाले, "तुले कायले पायजे? तू पुस्तक शिक." शिकले. दोन पदव्या घेतल्या, शिक्षिका झाले, कुडव्याला घर बांधलं.

लकवा मारला तसं त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं. वाचा गेली होती. डोळे सारखे दाराकडे. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर पाच दिवस म्हणतात. मग घरी जाऊ." त्यांनी चादरीखाली माझा हात ओढला आणि चार बोटं दाबली. थांबले. मग दोन. मग एकच, घट्ट... दुखत असेल असं वाटून मी हात सोडवून घेतला, चादर सारखी केली आणि नर्सला बोलावायला गेले. परत आले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

तेरवीला त्यांचे बाजारातले जोडीदार फागूकाका आले. बोलता बोलता त्यांना हे सांगितलं, तर हातातला चहा त्यांनी खाली ठेवला.

"पाचाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. दिवस कमी करून रायला होता पोरी तो. अन् तू काय केलं?"

"हात काढून घेतला."

"हात काढला म्हंजे सौदा मोडला," ते म्हणाले, आणि मान खाली घालून बसले.

एक दिवस मागत होते बाबा. उद्या घरी ने, एवढंच. दिला असता हो मी! त्याच संध्याकाळी गाडी करून नेलं असतं. आता कुणाशी सौदा करू?

दुपट्टा माझ्याकडे आहे. त्याला अजून बैलांचा वास येतो, म्हणून धूत नाही. शाळेतून आले की तो मांडीवर पसरते, खाली हात घालते आणि एक बोट पुढे करून बसते. कुणी दाबत नाही.