बाबारावची गवताची पट्टी

बाबाराव गेल्याची बातमी मला अमडापूरच्या बाजारात कळली. कापडवाला रहीमभाई हातातला गज खाली ठेवून म्हणाला, "सर, तुमचे दोस्त गेले ना हो सकायी... तुमाले कोनी सांगतलं नाही?" नव्हतं सांगितलं कोणी. एकाच शाळेत आम्ही अर्धं आयुष्य काढलं. तो इतिहास शिकवायचा, मी मराठी. पुढे गावात शोकसभा झाली. सरपंच उठले आणि गळा दाटल्यासारखं करत म्हणाले, "गुरुजीनं गरिबाले जमीन देली." मला संताप आला. ज्या गोष्टीनं हा माणूस आतून पोखरला, तीच यांनी त्याच्या फोटोला हार म्हणून घातली!

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची ती गोष्ट. बाबाराव अमेरिकेचा धडा असा शिकवायचा की मी माझा वर्ग सोडून त्याच्या दाराशी उभा राहायचो. युरोपातली उपाशी माणसं बोटींत कोंबून आली, पश्चिमेकडे सरकत गेली... फळ्यावर तो आपलीच बैलबंडी काढायचा आणि तिच्यावर कापडाचं छत चढवायचा. "रिकाम्या माळावर ज्यानं नांगर घातला, माळ त्याचा झाला. सरकारनंच कायदा केला बे!" पोरं खूश, गुरुजी त्यांच्याहून खूश. धडा वर्गातच राहिला असता तर बरं झालं असतं. पण टेकडीला लागून गावची ई-क्लास होती, म्हणजे गुरांना चरायला राखलेली सरकारी पडीत. पारावर बसून त्यानं भूमिहीन मजुरांना तोच धडा पुन्हा सांगितला आणि मृग लागताच आठ-दहा घरांनी तिथं नांगर घातला. नांगराचं पहिलं तास बाबारावनं स्वतः धरलं. ज्वारी काय आली होती त्या वर्षी!

दिवाळीनंतर सखाराम धनगर आला. जालन्याकडचा. दरवर्षी पावसाळा सरला की तो मेंढ्या घेऊन त्या माळावर उतरायचा. खतासाठी गावकरी त्याच्या मेंढ्या रात्री आपल्या वावरात बसवून घ्यायचे आणि बदल्यात ज्वारी द्यायचे. बापजाद्यांपासून चालत आलेलं हे. तरीही नांगर घालताना तो आमच्यापैकी एकालाही आठवला नाही. का, तर तेव्हा तो तिथं नव्हता! मेंढ्या पिकाकडे वळल्या तशी माणसं काठ्या घेऊन धावली. सखाराम भांडला नाही. तो सरळ शाळेत आला आणि बाबारावला म्हणाला, "जागा रिकामी न्हवती, गुरुजी. आम्ही पावसाळ्यापुरतं घरी गेलतो." कळप माघारी फिरला, तो कायमचा.

पुढचं सांगताना अजूनही तोंड कडू होतं. चार-पाच वर्षांत ती जमीन या ना त्या वाटेनं, कुठं कर्जापायी तर कुठं तलाठ्याच्या कागदावर, मोठ्या घरांच्या वहितीत गेली, आणि माळ फोडणारे मजूर पुन्हा त्यांच्याच वावरात मजुरीला. शोकसभेत गळा काढणाऱ्या सरपंचांची कपाशी आज तिथंच उभी आहे. बाबाराव मात्र तो धडा बोटींपासून सुरू करीनासा झाला. अमेरिकेच्या त्या माळावर आधी रानरेड्यांच्या कळपांमागे हिंडणारी माणसं होती, इथून तो सुरुवात करायचा आणि मधेच खडू खाली ठेवून द्यायचा... पोरं हसायची.

स्वतःच्या वावरातली नाल्याकाठची एक पट्टी त्यानं त्या सालापासून पेरलीच नाही, तिथं गवत राखलं. वहिनी शोकसभेनंतर म्हणाल्या, "मी म्हनो, काऊन पडीत ठेवता? तं म्हनत, सखाराम येईन." सखाराम आला नाही. मागच्या आठवड्यात चिखलीच्या रस्त्यावर जालन्याकडचा कळप दिसला म्हणून मी थांबलो. सखाराम कधीच वारला म्हणे. कळप त्याच्या मुलाचा. मी त्याला सगळं सांगितलं, पट्टीचंही. "चांगलं मानूस व्हतं," तो म्हणाला, "पन सर, एवढ्याशा गवतात आमची एक सांज बी निघायची न्हाई." आणि मेंढ्या हाकत निघून गेला.

वहिनींना मी हे सांगितलेलं नाही. या वर्षीही त्यांनी ती पट्टी कोणाला पेरू दिली नाही.