गादीच्या बदल्यात बंब

आई मंगळवारी गेली. शेजारच्या काकूंनी आमचा बंब पेटवला आणि त्याच पाण्यानं तिला शेवटची अंघोळ घातली.

दिवसकार्य उरकल्यावर अडगळ न्यायला मी टेम्पोवाल्याला बोलावलं. त्याचा दर जास्त वाटला, म्हणून तो कसा ठरवला ते विचारलं.

"पावणं, टेम्पो किती भरतोय आणि जिनं किती चढायचं, त्यावर दर. जे इकंल त्याचं पैसं वजा. पर गादी कोण घेत न्हाय, ती टाकायला मलाच पैसं पडत्यात." मग न्हाणीत डोकावून म्हणाला, "त्यो तांब्याचा बंब द्या की, मग काय बी देऊ नगासा."

आईची गादी डोळ्यांसमोरून जावी, एवढंच मला हवं होतं. मी हो म्हणालो. हिशोब चोख बसला, याचं मला बरंही वाटलं.

संध्याकाळी काकू करवंट्यांचं पोतं घेऊन आल्या. गल्लीभरच्या करवंट्या बंबाच्या जळणाला आमच्याकडे येत आणि दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना आमच्या बंबातलं कढत पाणी मिळे. न्हाणीतला रिकामा कोपरा बघून त्या थबकल्या. टेम्पोवाल्याशी झालेला सौदा मी सांगितला.

"गादी न्यायची मजुरी म्हणून बंब दिलास व्हय रं? लई शिकलास की!"

मी त्यांना टेम्पोचा दर समजावून सांगू लागलो. दोन वाक्यांनंतर माझी मान खाली गेली. आणलेल्या करवंट्या त्यांनी परत नेल्या नाहीत.

न्हाणीत आता करवंट्यांचं पोतं आहे.