पेटीचा भाता फाटला तेव्हा

पेटी मला वडिलांनी शिकवली. ते कोऱ्हाळ्याच्या भजनी मंडळात वाजवायचे. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन मी माळेगावला कारखान्याच्या वसाहतीत आले, तेव्हा भांड्यांबरोबर त्यांनी मला एक पेटीही दिली. नवरा कारखान्यात फिटर होता. तो कामावर गेला की मी वाजवत बसायची.

शेजारी एक ख्रिस्ती नर्स राहायची. एका संध्याकाळी ती दारात आली.

"ताई, आमच्या चर्चमधल्या पेटीवाल्या सरांची बदली झाली. गाणी अगदी कोरडी होतात. रविवारी बारामतीला याल का?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "वाजवायचंच हाय न्हवं? जा की."

पहिल्या रविवारी मी भजनाच्या सवयीनं लय चढवत नेली. उपासना संपल्यावर पाळक हसत म्हणाले, "बाई, आमच्या म्हाताऱ्या तुमच्यामागं पळून दमल्या." पुढच्या खेपेपासून मी त्यांच्यासाठी थांबायला शिकले. कितीतरी चाली ओळखीच्या निघाल्या, अगदी ओवीच्या वळणाच्या. त्यामुळं परकं असं काही वाटलं नाही. शब्दांकडं मात्र माझं लक्ष नसायचं. कडवं कुठं संपतं एवढंच मी बघायची.

तरी शब्द घरी येऊ लागले. भाकरी थापताना एखादी ओळ ओठांवर यायची. हरवलेल्या माणसाला शोधत देव स्वतः निघतो, असं एका गाण्यात होतं. मी लहानपणापासून देवाला शोधायचं असतं असं ऐकलेलं, उपासतापास केलेले. तो आपल्याला शोधत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. परातीपाशी बसून मी त्यावर विचार करत राहायची.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग इंदापूरला नर्सची आई वारली. मी तिच्याबरोबर गेले. अंगणात माणसं जमली होती. घरातली जुनी पेटी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. पहिल्याच गाण्यात भाता फाटला आणि सूर फुस्सकन विरून गेला. मी घाबरून वर पाहिलं. कुणी थांबलं नव्हतं. नर्स आईच्या उशाशी उभी राहून गात होती, डोळे वाहत होते, पण आवाज हलत नव्हता. माझ्या हातांना काही काम उरलं नाही, तेव्हा मी तोंड उघडलं. इतकी वर्षं साथ केली होती, गायले कधीच नव्हते. सगळे शब्द मला येत होते. गाता गाता मला रडू आलं, आणि त्या रडण्यात मी हलकी झाले.

परतताना एसटीत मी नर्सला विचारलं, "तुमच्यात यायचं तर काय करावं लागतं?"

आईला नुकतीच पुरून आलेली ती बाई, पण हसली. "आधी घरी बोला, ताई."

मी बोलले. दोन दिवसांनी नवरा जेवता जेवता म्हणाला, "तू तिकडं जायला लागल्यापासनं निवळलीयस, एवढं मला दिसतंय. घे बाप्तिस्मा. मला मात्र वढू नको."

वडिलांची धास्ती जास्त होती. बाप्तिस्म्याचा निरोप पोचल्यावर ते एका रविवारी न कळवता आले आणि डोक्यावरची टोपी काढून मागच्या बाकावर बसले. माझी बोटं चुकायला लागली. उपासना झाल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, रागावलात?"

"वाईट वाटलं हुतं. खोटं कशाला बोलू?" त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "पर तू आज वाजवलंस तसं माझ्याजवळ कधी वाजवलं न्हाईस. दुसऱ्या कडव्याला आवाज दाबतीस, तेवढं सोड."

पुढच्या महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला. नवरा आत आला नाही, दारातून बघत होता. दुपारी नर्सनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. वडील माळकरी, म्हणून तिनं त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं केलं होतं. त्यांनी ते दोनदा मागून घेतलं.