चिमणीची लस

सुईला घाबरणारा इतका शूर माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही. हे माझे चुलत सासरे, आंदर मावळातले. सगळे त्यांना आबा म्हणतात. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे जी घोडी पळते, तिच्यावर हे गृहस्थ साठी ओलांडल्यावरही बसतात. मागून बैल उधळत येत असतात, माणसं ओरडत असतात आणि आबा मिशीला पीळ देत असतात. तेच आबा एकदा मी रक्त तपासायला गेलो तेव्हा सोबत आले, आणि मला उठवून खाटेवर त्यांनाच निजवावं लागलं.

घोडीचं नाव चिमणी. या चिमणीला गोठ्यात शिरताना मान वाकवावी लागते. घरातला एकुलता एक पंखा तिच्या डोक्यावर फिरतो, काकू चुलीपुढे पदराने वारा घेतात. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर लग्न होतं, नवरदेवासाठी घोडी मागायला माणसं आली. आबा म्हणाले, "माजी घोडी बँडापुढं नाचनार न्हाई. नवऱ्याला म्हनावं, चालत जा." लोणावळ्यातून जावंच लागलं, तर तिच्या नाकावर काकूंच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधतात, कारण तिथल्या घोड्यांना म्हणे मुंबईकरांचा खोकला लागलाय. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की घोड्यांचा फ्लू घोड्यांकडूनच येतो आणि त्यावर लस असते. धनुर्वाताचीही असते, ती तर आधी द्या. आबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

लस मात्र टळत राहिली. यात्रेच्या तोंडावर टोचलं तर घोडी सुस्तावते, अशी घोडीवाल्यांची पक्की समजूत. यात्रा संपल्या की "दमलीय बिचारी." पावसाळ्यात म्हणे टोचलेलं चिघळतं. आणि थंडीत? "थंडीत कुटं कोन आजारी पडतं, जावईबापू?" खरं कारण निराळंच होतं. चिमणी दुसऱ्या कुणाला तोंड धरू देत नाही, आणि आबांनी तोंड धरायचं म्हणजे सुई अगदी डोळ्यांसमोर येणार.

यंदा शेजारच्या गावच्या यात्रेत चिमणीच्या खुरात गंजका खिळा घुसला. डॉक्टरीणबाई आल्या, खिळा काढला, जखम धुतली आणि विचारलं, "धनुर्वाताची लस झालीय ना?" आबा जमिनीकडे पाहू लागले. बाई भडकल्याच. "आबा, घोड्याला धनुर्वात लवकर होतो. एकदा दातखीळ बसली की मी आले काय अन् न आले काय!" मग आबांनी डोळे गच्च मिटून लगाम धरला. बाईंनी मानेत एक इंजेक्शन धनुर्वातापासून तातडीचं संरक्षण म्हणून दिलं, दुसरं लसीचं. चिमणी जागची हलली नाही. आडवे झाले ते आबा. तोंडावर पाणी मारल्यावर उठून म्हणतात, "झालं व्हय? मला काय बी कळलं न्हाई."

पण त्यानंतरचे दिवस काही हसण्यासारखे नव्हते. घोडी नीट चावतेय का, एवढंच पाहत राहायला बाईंनी सांगितलं होतं. आबा तिच्यासमोर बसून ओंजळीतले भिजवलेले हरभरे तिला भरवायचे आणि जबड्यावर नजर लावायचे. काकूंनी भाकरी आणली तर म्हणायचे, "आदी तिला चावू दे." एकदा मला म्हणाले, "भ्या मला वाटायचं जावईबापू, आन् जीव तिचा जानार हुता." असं काही त्यांच्या तोंडून ऐकायची मला सवय नाही. फार वाईट वाटलं.

चिमणी वाचली. खूरही भरून आला. पण लसीचा दुसरा डोस नेमका आबांच्या गावच्या यात्रेच्या आठवड्यात आला, आणि टोचल्यावर तिला पळवायचं नाही, असं बाईंचं सांगणं. डोस पुढे ढकला म्हणायला चार माणसं घरी आली. आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

यात्रेच्या दिवशी शर्यतीचा भोंगा घरापर्यंत ऐकू येत होता. चिमणी कान टवकारून पाय आपटत होती. आबा तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होते, "औंदा न्हाई गं बाय. औंदा आपन दोगंबी घरीच."