चिंचोक्याची खळ

कोहिनूर गावच्या काशाप्पानं मेंढरं कधीच विकली होती. आता तो शेती करी; पण घोंगडं विणायचं त्यानं सोडलं नव्हतं. त्याची लेक तेजश्री बिदरला फोटोग्राफी शिकत होती. सकाळी वर्ग, दुपारनंतर शहरातल्याच मैलूर भागात बुद्धरत्न अण्णांच्या स्टुडिओत काम. दोन हजार सात सालची ही गोष्ट.

स्टुडिओत तिच्या वाट्याला पासपोर्टचेच फोटो येत. गिऱ्हाईक नसलं की ती एकटीच दिवे हलवून बघायची. तांब्यावर उजेड कसा पडतो, नाकाची सावली गालावर कुठवर जाते, हेच तिचं वेड.

हैदराबादच्या एका दुकानाला घोंगड्याचे फोटो हवे होते. अण्णा म्हणाले, "तेजश्री, हे काम तू कर. जमलं तर वस्तूंचे फोटो यापुढं तुझेच. न्हाई जमलं तर पासपोर्ट हायेतच. फोटो उद्या सकाळी धाडायचेत."

काशाप्पा स्वतः घोंगडं घेऊन आला. त्यानं ते टेबलावर पसरलं, तर खडखड वाजलं.

"दोनदा खळ दिली बघ चिंचोक्याची," तो तोऱ्यात म्हणाला. "फोटो निघणार म्हटल्यावर! कसं चमकायलंय!"

चमकत होतं खरं. तेच तर वाईट होतं. तेजश्रीनं फोटो काढून बघितला, तर काळ्या लोकरीवर पांढरे चट्टे. तिनं दिवे मागं नेले, उजेड मऊ व्हावा म्हणून पुढं पांढरं कापड बांधलं. तरी घोंगडं ताडपत्रीसारखंच दिसे.

अण्णा डोकावले. "काशाप्पा, घोंगडं हाय का पत्रा?"

"पत्र्याखाली तुमी निजता अण्णा, आमी घोंगड्याखाली," काशाप्पानं लगेच परतवलं.

तेजश्री हसली नाही. अप्पानं मायेनं केलेलं काम, त्यालाच नावं कशी ठेवायची? पण न सांगून आपलं काम अडतंय, हेही तिला कळत होतं.

"अप्पा, खळ लई झाली. लोकर दिसंना."

काशाप्पाचा चेहरा उतरला. तो घडी घालायला लागला. "जातो मी. बस निघंल."

"धुवायचं का?" तिनं विचारलं.

"वल्लं घोंगडं उद्यापतूर वाळतंय व्हय?"

तेजश्रीनं त्याच्या हातातलं एक टोक धरलं आणि दोन्ही मुठींत करकचून चुरगाळलं. खळ तडकली, भुगा खाली सांडला. तेवढ्या टोकाला लोकर मोकळी झाली होती.

"कामून फाडायलीस?" काशाप्पा ओरडला. मग त्यानं त्या टोकावरून अंगठा फिरवला. "हां. असं म्हणतीस? धर मग तिकडून."

बाप-लेक दोन बाजूंनी घोंगडं चोळत, ओढत, झटकत राहिले. दोघांनाही खोकला आला. तिचे तळवे लाल झाले. घोंगडं मऊ पडल्यावर तिनं एकच दिवा खाली, बाजूला ठेवला. तिरप्या उजेडात लोकरीचा तंतू न् तंतू उभा राहिला. पावसाळी ढगासारखा काळा रंग, त्याच्या कडेला लाल दोरा. आता ते घोंगडं अंगावर घ्यावंसं वाटत होतं.

काशाप्पा घोंगडं मांडीवर घेऊन दमून स्टुलावर बसला होता; धोतर खळीच्या भुग्यानं मळलं होतं. तिनं तोच दिवा त्याच्याकडं वळवला.

"थांब की, केस विंचरू दे. पावडर तरी लाव."

"नको. तसाच बस, अप्पा."

अण्णांनी सगळे फोटो संगणकावर सावकाश बघितले. घोंगड्याच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले.

"उद्या बिदरी नक्षीच्या सुरया फोटोला यायच्यात," ते उठता उठता म्हणाले. "दिवे तूच लाव. मी मधी येत न्हाई."

तेजश्री अप्पाला बसपर्यंत सोडायला गेली. खिडकीतून काशाप्पानं विचारलं, "माझा फोटू बी हैदराबादला जाणार का?"

"न्हाई अप्पा. तुझा मी वर्गात दाखवणार."

"दाखव. पण सांग सगळ्यांना," बस हलली तसा तो ओरडला, "धोतर मळकं हाय, घोंगडं न्हाई!"