दातवाल्या आबांचं आडनाव

गिऱ्हाईकाच्या तोंडात चिमटा असतानाही दातवाले आबा आडनावाचा विषय सोडत नसत. मूळचे चीनचे, पण धुळ्यात दवाखाना थाटल्यापासून त्यांची अहिराणी आमच्यापेक्षा ठसकेबाज झाली होती. कुणी नुसतं विचारावं, "आबा, चेन म्हणजे काय हो?" की डोळे लकाकलेच! चेन हे त्यांच्या पूर्वजांचं राज्य. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. शेजारच्या बलाढ्य राजानं ते गिळलं, तेव्हा परागंदा राजघराण्यानं राज्याचंच नाव आडनाव म्हणून लावलं. "राज गयं, पन नाव उरनं!" आबा मांडीवर थाप मारत. मग ते नाव दक्षिणेला सरकलं, जहाजांत चढलं. कुठे त्याचं चान झालं, कुठे तान. लिहायचं अक्षर मात्र एकच. "आनि एक चेन धुळ्याले उना!"

एकदा गल्लीतल्या पाटलांकडे वंशावळ वाचणारा भाट वही घेऊन आला. आबा खुर्चीतल्या माणसाला आ वासलेला सोडून धावले.

"आबा, मना दात!"

"दात कुठे जाई? बस!"

सात पिढ्या ऐकून ते भाटाला म्हणाले, "आमनाबी लिख." भाट हसला. "आबा, तुमच्यासाठी वहीच मोठी आणावी लागेल."

मी तेव्हा शाळेत कारकून होतो. आबांची मुलगी मेई पहिलीत आली, तेव्हा रजिस्टरात मी 'चिनकर' लिहिलं. जामनेरचा जामनेरकर, एरंडोलचा एरंडोलकर, मग चीनची चिनकर! आबांना मराठी वाचता येत नव्हतं. विचारायचीही गरज मला वाटली नाही. आज ऐंशी ओलांडल्यावर लिहून देतो: तिचं आडनाव चेन होतं.

चार वर्षांनी आबा कलकत्त्याला निघाले. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला मेईसोबत आले ते पेढे घेऊन. तिथे चेन लोकांचं मंडळ होतं. दाखला दाखवला की पोर आपल्या माणसांत जाणार, याचा कोण आनंद! मी दिलेला कागद त्यांनी परत माझ्यापुढे धरला. "भाऊ, नाव मोठ्यानं वाच."

दाखल्यावर रजिस्टरातलंच 'चिनकर' उतरवलेलं होतं. खरं सांगावं तर हेडमास्तर, चौकशी, माझी नोकरी. मी वाचलं, "कुमारी मेई चेन."

"आयकं का, पोरी?" आबांनी टाळी वाजवली.

मेई चौथी पास झाली होती. माझ्या कोपराशी उभी राहून ती त्याच कागदाकडे बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हाव, बाबा," ती म्हणाली, आणि दाखल्याची घडी करून तिनं तो आपल्या दप्तरात ठेवला.